पोतं उघडून पाहिलं होतं का? वत्सगुल्म, देवगिरी आणि वेढ्याची तयारी

 

सुट्टीत माझा नातू आला होता. तो एक परदेशी मालिका बघत असतो. त्यात किल्ले आहेत, वेढे आहेत, दरबारात एकमेकांचा काटा काढणारे सरदार आहेत. मी शेजारी बसून दोन भाग पाहिले. मग त्यानं विचारलं, "आजोबा, आपल्या वाशीमला असलं काही झालंच नाही का?" मी म्हटलं, "झालं असावं, बाबा. आणि ते लिहूनही ठेवलंय, तेही तेराशे वर्षांपूर्वी." त्याला जे सांगितलं, तेच आज जरा नीट मांडतो.

आपण पद्मतीर्थावर जातो, बालाजीच्या दर्शनाला जातो, पण हे गाव एकेकाळी राजधानी होतं हे आपल्या रोजच्या बोलण्यात येत नाही. त्या राजधानीचं नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात सर्वसेनानं इथे वाकाटकांची एक शाखा स्थापन केली. 1939 साली वाशीमलाच विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला, आणि वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम याला भक्कम आधार मिळाला. या शाखेचा सर्वांत प्रतापी राजा हरिषेण, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं त्याच्या मंत्र्यानं, वराहदेवानं कोरवून घेतलं. आणि हरिषेणानंतर? त्याच्यामागून गादीवर आलेल्या राजाचं नाव सांगणारा एकही लेख हाती आलेला नाही. एवढं मोठं राज्य पाहता पाहता दिसेनासं होतं.

ही रिकामी जागा भरायला महामहोपाध्याय वा. वि. मिराशी एका अनपेक्षित ठिकाणी गेले. ते ठिकाण म्हणजे दंडीचं 'दशकुमारचरित'. दंडी हा कांचीकडचा कवी, हरिषेणानंतर सुमारे दोनशे वर्षांनी झालेला. त्याच्या ग्रंथाच्या शेवटच्या, आठव्या प्रकरणात विदर्भाच्या एका राज्याच्या नाशाची कथा आहे. मिराशींचं म्हणणं असं, की यातली नावं कल्पित आहेत, पण मागे वाकाटकांच्या अखेरीची खरी आठवण आहे. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनीही हा धागा धरला. कालगणनेत मात्र दोघांचं जुळत नाही. हे अनुमान आहे, शिलालेख नव्हे, एवढं ध्यानात ठेवून कथा ऐका.

पुण्यवर्मा नावाचा चांगला राजा वारला. मुलगा अनंतवर्मा गादीवर आला. हुशार, कलांचा शौकीन, पण राज्यकारभाराच्या शास्त्राचा, म्हणजे दंडनीतीचा, कंटाळा. म्हातारा मंत्री वसुरक्षित त्याला एकदा समजावतो, की बाबा रे, तुझी बुद्धी उपजत चांगली आहे, पण सोनं आगीतून काढल्याशिवाय शुद्ध होत नाही. राजाला पटतं. तो अंतःपुरात जाऊन सहज हे बोलून दाखवतो. तिथे विहारभद्र नावाचा एक खुषमस्कऱ्या बसलेला असतो. तो हसतो, आणि मग जे बोलतो ते संस्कृत साहित्यातल्या फार धारदार भाषणांपैकी एक आहे.

विहारभद्र काय म्हणतो? हे शास्त्र शिकता शिकताच म्हातारपण येईल. शिकलात तरी पहिला धडा काय, तर कोणावर विश्वास ठेवू नका. बायकोवर नाही, मुलावर नाही. सकाळी उठल्या उठल्या जमाखर्च ऐका. तो ऐकत असतानाच अधिकारी दुप्पट चोरतात. चाणक्यानं पैसे खाण्याच्या चाळीस युक्त्या सांगितल्या, ही मंडळी स्वतःच्या डोक्यानं त्यांच्या हजार करतात. जेवलात, तर अन्न पचेपर्यंत विषाची धास्ती. साऱ्या दिवसात मोकळा वेळ किती, तर पावणेचार घटका, म्हणजे आपला दीड तास. कशाला हा जाच? राज्य आहे, तरुण वय आहे, मजा करा.

तुम्ही हसलात. राजाही हसला असेल. पण हा माणूस मूर्ख नाही. त्यातला बराचसा भाग खरा आहे. चाळीस प्रकारांची यादी 'अर्थशास्त्रा'त खरोखरच आहे. विहारभद्रानं केलेली लबाडी वेगळीच आहे, आणि ती पकडायला मला माझ्याच आयुष्यात उशीर झाला. त्याकडे येतोच.

त्या दिवसानंतर वसुरक्षिताला कोणी विचारेनासं झालं. शेजारच्या अश्मक देशाच्या राजानं, वसंतभानूनं, हे हेरलं. त्याच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित, "बापानं मला घराबाहेर काढलं" असं सांगत विदर्भात आला आणि राजाच्या गळ्यातला ताईत बनला. शिकारीनं व्यायाम होतो, जुगारानं मन मोठं होतं, मद्यानं दुःख विसरतं, असे एकेका व्यसनाचे गुण तो गाऊ लागला. राजा तसा, म्हणून दरबार तसा. दरबार तसा, म्हणून सारे कारभारी तसे. त्याच वेळी अश्मकाची छुपी माणसं सैन्य पोखरत होती. शिकारीच्या निमित्तानं लोकांना एकच वाट असलेल्या गवताळ रानात न्यायचं आणि रान पेटवायचं, पाण्यात विष कालवायचं, असले प्रकार.

मग वसंतभानूनं वनवासीच्या राजाला विदर्भावर चढाई करायला उठवलं. अनंतवर्म्यानं मांडलिकांना हाक दिली. सगळ्यांत आधी मदतीला धावून कोण आलं असेल? वसंतभानूच! कुंतल, ऋषिक, कोकण, नासिक्य इथलेही राजे आले. नर्मदेकाठी तळ पडला. तिथे अनंतवर्म्यानं कुंतलाच्या राजाची नर्तकी स्वतःकडे ठेवून घेतली. वसंतभानूनं तो अपमान प्रत्येक तंबूत नेऊन पोचवला. समोरून शत्रू तुटून पडला, पाठीत मित्रांनी वार केला, राजा मेला. पुढे लुटीच्या वाटणीवरून या मित्रांनाही आपसांत लढवून वसंतभानूनं विदर्भ गिळला. म्हातारा वसुरक्षित राणीला आणि दोन मुलांना घेऊन निसटला आणि वाटेतच तापानं गेला.

यात तटाला शिडी कुठे लागली? लागलीच नाही. वेढा पडायच्या आधीच सगळं आतून मोकळं झालं होतं.

आता खऱ्याखुऱ्या वेढ्याकडे येऊ, आठशे वर्षं पुढे. 1296. आपला हा मुलूख तेव्हा देवगिरीच्या यादवांकडे, राजा रामदेव. कड्याचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन निघाला. वाटेत वावडी उठवली, की माझं चुलत्याशी, सुलतानाशी बिनसलंय, मी दक्षिणेत राजमहेंद्रीकडे चाकरीला चाललोय. रामदेवाची मोठी फौज त्याच्या मुलाबरोबर दूर गेलेली. हाताशी होते तेवढे लोक घेऊन राजा लढला, हरला, किल्ल्यात शिरला. पुढची गोष्ट फरिश्ता सांगतो. कोकणातून माल आणणारे व्यापारी पळून गेले आणि त्यांची दोन-तीन हजार पोती किल्ल्याखाली पडली होती. किल्लेकऱ्यांना वाटलं, धान्य! घाईघाईनं वर चढवली. मुलगा फौज घेऊन परतला, लढला, तोही हरला. आणि वर पोती सोडली तर आत मीठ.

फरिश्ता तीनशे वर्षांनंतर लिहितो, तेव्हा हा तपशील जपूनच घ्यावा. पण रामदेवाला शरण जावं लागलं, मोठी खंडणी द्यावी लागली हे पक्कं आहे. त्या तहात आपल्या अचलपूरचा वसूलही गेला.

या पोत्यांचा प्रसंग वाचला, की मी पुढे वाचत नाही, थांबतो. त्याचं कारण सांगतो.

मी एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. चाळीस वर्षं होत आली. कोठी सांभाळायला एक मामा होते, साधे, वयानं माझ्यापेक्षा मोठे. ज्वारीची पोती आली. त्यांनी पोती मोजली, नोंदवहीत सही केली, त्याखाली मी सही केली. नियम असा होता, की रेक्टरनं चार पोती उघडून पाहायची. मी नाही पाहिली. मनात म्हटलं, मामांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. पावसाळ्यात वरची थप्पी संपली. खालच्या पोत्यांत निम्मी माती, आणि उरलेल्याला सोंडे लागलेले. चौकशी बसली. गोणी भरणारा भलताच, पण ठपका मामांवर आला आणि त्यांची नोकरी गेली. "खाली सही माझी आहे, पोती मी पाहिली नाहीत," हे वाक्य मी त्या बैठकीत बोललो नाही. वर्षा-दोन वर्षांनी ते मला वाशीमच्या स्टँडवर भेटले. चहा घेतला. म्हणाले, "सर, मले काई म्हनाचं नाई. पन तुमी त्या दिवशी एक पोतं उघडून पाह्यलं असतं, त मी वाचलो असतो."

तत्त्वज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला, पण विहारभद्राची लबाडी मला त्या चहावर कळली. तो राजापुढे दोनच वाटा ठेवतो: एक तर सगळ्यांवर संशय घ्या आणि झोप घालवा, नाही तर विश्वास टाका आणि निवांत राहा. मधली वाट तो लपवतो. ती म्हणजे तपास.

संशय आणि तपास या एकच गोष्टी नव्हेत. संशय माणसावर घेतात, तपास वस्तूचा करतात. संशय राजाच्या लहरीनं येतो, तपास ठरल्या दिवशी ठरल्या नियमानं होतो. संशय एकालाच टोचतो, तपास सगळ्यांना सारखाच लागू असतो, म्हणून त्यात कोणाचा अपमान नाही. आणि मामांनी शिकवलेली गोष्ट अशी, की तपासाची सर्वांत जास्त गरज प्रामाणिक माणसाला असते. लबाड स्वतःची सोय करतोच. मी ज्याला विश्वास म्हणत होतो तो माझा आळस होता, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं दिली.

आता 'अर्थशास्त्र' उघडा. दुसऱ्या अधिकरणात, दुर्गाची रचना सांगितल्यावर, साठ्याची यादी येते. तेल, धान्य, मीठ, औषधं, वाळवलेल्या भाज्या, चारा, सरपण, लोखंड, कातडी, कोळसा, बांबू, शस्त्रं, अगदी दगडसुद्धा. हे सगळं कित्येक वर्षं पुरेल इतकं. आणि त्याला जोडून एक छोटा नियम आहे: जुनं काढून त्या जागी नवं भरत राहा. किती साधी गोष्ट! पण जुनं काढायचं तर पोतं उघडावंच लागतं. मीठ की ज्वारी, हे वेढ्याच्या आधीच कळतं, आणि "माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणायची वेळ कोठीवाल्यावर येत नाही. लगेच पुढे म्हटलंय, की हत्ती, घोडे, रथ, पायदळ यांवर एक नव्हे, अनेक प्रमुख नेमा. एकमेकांच्या धाकानं ते शत्रूला फितत नाहीत. धान्य आणि सेनापती, दोन्हींचा विचार एका दमात. चाळीस युक्त्यांचं उत्तर रात्रभर जागणं नाही. व्यवस्था अशी लावायची, की राजा झोपला तरी ती जागी राहील.

शिवकाळातल्या किल्ल्यांवर हेच दिसतं. गडाचा हवालदार, सबनीस, सरनोबत असे अधिकार वाटलेले, एकट्याच्या हाती गड नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात सांगितलंय, की आधी पाणी पाहा, मग गड बांधा. आणि गडावर झरा असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका, टाकी खोदून साठा ठेवा, कारण लढाईत तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. इथे झऱ्यावर कोणी संशय घेत नाही. फक्त तो आटला तर काय, हे आधी विचारून ठेवलंय.

तुम्ही म्हणाल, सर, आमच्याकडे कुठे राज्य आहे? पतसंस्थेची सर्वसाधारण सभा असते की. वाचून न दाखवता मंजूर झालेला अहवाल असतो. शाळेच्या पोषण आहाराची पोती असतात. "आपलाच माणूस आहे, कायले उगाच?" असं म्हणून आपण पुढे जातो. त्या क्षणी विहारभद्र आपल्या कानाशी बसलेला असतो, आणि गोड बोलत असतो.

नातवानं हे सगळं ऐकून शेवटी विचारलं, "त्या राणीच्या मुलाचं पुढे काय झालं?" त्या मुलाला विश्रुत नावाचा तरुण भेटतो आणि त्याच्या शत्रूंचा काटा काढायला लागतो. पण कशानं? विष, वेषांतर, खोट्या वावड्या, म्हणजे पुन्हा कपटानंच. चांगल्यासाठी केलेलं कपट चालतं का, हा प्रश्न आजच्या एका तासात बसणारा नाही. पुढच्या व्याख्यानात तोच घेऊ. तोवर तुमचे प्रश्न असतील तर आता विचारा. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्यानं, मला कमी ऐकू येतं.