आज्ञावलीची रोजनिशी

सी या संगणकभाषेत '=' हे चिन्ह एकदा लिहिले तर 'डावीकडे ही किंमत ठेवा' असा अर्थ होतो; लागोपाठ दोनदा लिहिले तर 'दोन्ही बाजू समान आहेत काय, ते पाहा' असा. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या एका प्रतीत कोणीतरी गुपचूप दोन ओळी घातल्या. वरवर पाहता त्यांत 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे काय' अशी साधी तपासणी होती. पण चिन्ह एकच होते! तपासणी होण्याऐवजी क्रमांकच शून्य होणार होता, आणि शून्य क्रमांकाच्या माणसाला त्या संगणकावर सर्व अधिकार असतात.

ही लबाडी उघडकीस आली ती नोंदींमुळे. मूळ संग्रह बिटकीपर या यंत्रणेत होता आणि त्यावरून ही प्रत तयार होत असे. प्रतीतल्या या बदलाची नोंद मूळ संग्रहात कोठेच नव्हती.

२००५ मध्ये बिटकीपरचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच 'गिट' ही यंत्रणा लिहिली.

समजा, तुम्ही व तुमचा मित्र लंबकाचा आवर्तकाल काढणारी आज्ञावली लिहीत आहात. 'गिट स्टेटस' म्हटले की कोणत्या फाइली बदलल्या ते कळते. 'गिट डिफ' ओळी दाखविते. 'गिट अ‍ॅड'ने नोंदवायचे बदल निवडावयाचे आणि 'गिट कमिट'ने नोंद करावयाची. सोबत कारण लिहावे लागते. येथे पुष्कळजण 'बदल केले' एवढेच लिहितात. तसे लिहिण्यापेक्षा न लिहिलेले बरे! 'लांबी सेंटिमीटरऐवजी मीटरमध्ये घेतली' असे लिहिले तर सहा महिन्यांनी उपयोग होतो.

प्रत्येक नोंदीचा गिट एक ठसा काढते. 'शा-१' या गणिती पद्धतीने मिळणारा हा ठसा ४० चिन्हांचा असतो. नोंदीतले एक अक्षर बदलले तरी ठसा पार निराळा येतो. खरी खुबी पुढेच आहे. नव्या नोंदीत मागच्या नोंदीचा ठसाही समाविष्ट असतो. त्यामुळे जुनी नोंद कोणी बदलली तर तिच्यापुढच्या साऱ्या नोंदींचे ठसे बदलतात, आणि मित्राकडील प्रतीशी ते जुळत नाहीत. (२०१७ मध्ये एकच शा-१ ठसा असलेल्या दोन निरनिराळ्या फाइली मुद्दाम तयार करून दाखविण्यात आल्या. त्यानंतर गिटमध्ये शा-२५६ या अधिक भक्कम पद्धतीचीही सोय झाली.)

मग चूक झाली तर? प्रयोगवहीत आपण चुकलेले वाचन खोडरबराने पुसत नाही. त्यावर रेघ मारून शेजारी नवे लिहितो. 'गिट रिव्हर्ट' हेच करते. जुनी नोंद जागीच राहते आणि तिच्या उलट बदलाची नवी नोंद पुढे जोडली जाते. 'गिट लॉग' म्हटले की दोन्ही दिसतात.

'गिट पुश'ने आपल्या नोंदी सामाईक संग्रहाकडे जातात, 'गिट पुल'ने इतरांच्या आपल्याकडे येतात. पुश करण्याआधीच संगणकाची चकती बिघडली तर कमिट केलेले कामही गेलेच म्हणून समजा.

एक गोष्ट मात्र ठशावरून कळत नाही. 'गिट ब्लेम' प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली त्याचे नाव सांगते. पण ते नाव ज्याचे त्याने आपल्या संगणकावर भरलेले असते. उद्या कोणी तुमचे नाव भरले, तर गिट तेच निमूटपणे छापील. म्हणून महत्त्वाच्या नोंदींवर लिहिणारा आपल्या गुप्त किल्लीने सांकेतिक स्वाक्षरी करतो, आणि ती खरी की खोटी हे इतरांना त्याच्या जाहीर किल्लीने पडताळता येते.