रोजच्या महामार्गासाठी जुनी टूरिंग मोटारसायकल

भोर तालुक्यातील नसरापूर हे गाव पुणे-सातारा महामार्गावरून चेलाडी फाट्याने आत वळल्यावर लागते, आणि तेथून रोज कामावर जाणाऱ्यांच्या वाटा मुख्यतः तीन दिशांना फुटतात: उत्तरेस खेड शिवापूरमार्गे पुणे, दक्षिणेस शिरवळची औद्योगिक वसाहत आणि पश्चिमेस आंबवणे-मार्गासनीवरून वेल्हे. यांपैकी पुण्याची वाट एका बाजूने सुमारे ३५ किलोमीटरची असल्याने महिन्यातील पंचवीस कामाचे दिवस धरले, तरी गाडीचे साडेसतराशे किलोमीटर सहज होतात. शंभर-एकशेदहा सीसीची साधी मोटारसायकल हे अंतर कमी पेट्रोलमध्ये कापते, यात शंका नाही. परंतु महामार्गावर ताशी सत्तर-ऐंशीचा वेग सतत ठेवताना तिचे इंजिन आपल्या क्षमतेच्या काठावर चालत असते आणि शेजारून कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्याने हलकी गाडी हेलकावते. याच कारणाने या पट्ट्यातील अनेकांची नजर वापरलेल्या, पण मोठ्या आणि आरामशीर ‘स्पोर्ट्स टूरिंग’ गाडीकडे वळते.

स्पोर्ट्स टूरिंग म्हणजे शर्यतीच्या गाडीची चपळाई आणि दूरच्या प्रवासाच्या गाडीची बैठक यांचा मध्य साधणारी मोटारसायकल. या प्रकाराचा आद्य नमुना म्हणून बीएमडब्ल्यू कंपनीच्या १९७६ च्या ‘आर १०० आरएस’ या गाडीचे नाव घेतले जाते, कारण इंजिन आणि चालकाचे शरीर वाऱ्यापासून झाकणारे तिचे पूर्ण आवरण, ज्याला फेअरिंग म्हणतात, ते वायुबोगद्यात चाचण्या घेऊन घडवलेले होते. युरोपात हा प्रकार पुढे हजार सीसीच्याही वर गेला. भारतात मात्र तो २२३ सीसीच्या करिझ्माने २००३ मध्ये सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला, आणि त्यानंतर पल्सर २२०, यामाहा फेझर, होंडा सीबीआर २५० आर, सुझुकी जिक्सर एसएफ व चाकणला तयार होणारी बजाज डॉमिनार अशी त्याची भारतीय शाखा वाढत गेली.

आराम हा शब्द जाहिरातीत सैलपणे वापरला जातो, पण त्यामागे साधी भूमिती आहे. चालकाचे आसन, पाय ठेवण्याचे फूटरेस्ट आणि हँडलची मूठ या तीन बिंदूंचा जो त्रिकोण होतो, त्यावर पाठीचा बाक, गुडघ्याची घडी आणि मनगटावरचा भार ठरतो. हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे असले की शरीर पुढे झुकते. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा छातीला थोडा आधार देत असल्याने हा झुकाव खटकत नाही, परंतु खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ किंवा कात्रजच्या चौकात वाहने मुंगीच्या पावलांनी सरकू लागली की तो सारा भार मनगटांवर येतो. म्हणून रोजच्या वापराच्या गाडीचे हँडल उंच, शक्यतो अखंड नळीचे असावे. दोन स्वतंत्र तुकड्यांच्या हँडलला क्लिप-ऑन म्हणतात, आणि ते फोर्कच्या वरच्या पट्टीपेक्षा उंच बसवलेले असेल तरच रोजच्या प्रवासाला चालते.

फेअरिंगचे महत्त्वही आकड्यांत पाहिल्यावरच कळते. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ६० वरून ८० वर जाताना वेग एक-तृतीयांशानेच वाढतो, पण छातीवरचा दाब पावणेदोन पटींहून थोडा अधिक होतो. तासभराच्या प्रवासानंतर मान आणि खांदे का अवघडतात, याचे उत्तर बहुतेक वेळा या दाबात असते, आसनाच्या फोममध्ये नव्हे. समोरची काच मात्र चालकाच्या उंचीला जुळणारी हवी, कारण तिच्या कडेवरून उसळलेला वारा थेट हेल्मेटवर आदळू लागला तर तिच्यापेक्षा उघडी गाडी परवडली, असे म्हणण्याची पाळी येते.

या कसोट्यांवर बाजारातील जुन्या गाड्या पाहिल्या तर निवड बरीच सोपी होते. २०१५ ची पहिली जिक्सर एसएफ आणि २०१७ ची फेझर २५ या दोन्हींना अखंड हँडल व फेअरिंग आहे. पहिली १५५ सीसीची असल्याने पेट्रोलला हलकी, तर दुसरी २४९ सीसीची असल्याने महामार्गावर अधिक निवांत. २०११ मध्ये भारतात आलेल्या सीबीआर २५० आरला क्लिप-ऑन असले तरी ते उंच आहे, शिवाय त्या काळी दुर्मीळ असलेले एबीएस तिच्यावर पर्यायी मिळत असे. तथापि प्रदूषणाचे बीएस-६ मानक एप्रिल २०२० मध्ये लागू झाल्यावर ती बंद झाल्याने फेअरिंगचे पॅनेल कोठे आणि कितीला मिळतात, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. डिसेंबर २०१६ ची डॉमिनार ४०० महामार्गावर या सर्वांहून भक्कम चालते, पण तिचे एबीएस असलेले रूप १८२ किलोचे आहे, आणि साध्या शंभर सीसीच्या गाडीचे वजन ११० किलोच्या आसपास असते हे लक्षात घेतले, म्हणजे वेल्ह्याच्या बाजूला भर पावसात, चिखलाच्या उतारावर तिला मागे ओढताना काय होईल याची कल्पना येते. अपाचे आरआर ३१० किंवा केटीएम आरसीसारख्या गाड्या सुंदर आहेत. नसरापूर ते पुणे रोज करण्यासाठी त्या नव्हेत.

मागे बसणाऱ्याचा विचार पुरुष खरेदीदार हमखास विसरतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागच्या प्रवाशासाठी हाताची पकड, फूटरेस्ट आणि मागचे चाक निम्म्याहून कमी न झाकणारे संरक्षण, म्हणजे आपल्याकडचे साडीगार्ड, मोटारसायकलला असायलाच हवे, पण जुन्या स्पोर्ट्स गाडीवरून ‘लूक’साठी सर्वात आधी निघते ते तेच. पहिल्या करिझ्माची रुंद, सलग सीट अजूनही लोकांच्या आठवणीत आहे, कारण तिच्यावर मागचा माणूस माणसासारखा बसत असे. उंच, तुकड्याच्या मागच्या सीटवर साडी नेसलेल्या आईला बनेश्वरच्या दर्शनाला नेणे हा तिच्यावर अन्याय आहे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तडजोडीला जागा नाही. शिंदेवाडीच्या पुढे नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलेला महामार्ग नवले पुलापर्यंत सलग उतरत जातो आणि अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांमुळे हा उतार कुप्रसिद्ध आहे. अशा जागी अचानक ब्रेक दाबावा लागला तर चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा जीव वाचवते. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना ती १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, त्यामुळे त्याआधीच्या गाडीवर ती आहे की नाही हे कागदावर नव्हे, पुढच्या चाकाजवळचे दातेरी कडे आणि त्याला लागून बसवलेला सेन्सर पाहून ठरवावे.

प्रत्यक्ष गाडी तपासताना पॉलिशकडे पाहण्यात वेळ घालवू नये. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की इंजिन सुरू करून ठेवू नका, आणि पोहोचताच इंजिनाला हात लावून ते थंड आहे का ते पाहावे. थंड इंजिन सेल्फवर चटकन सुरू होणे आणि सायलेन्सरमधून निळसर धूर न येणे, ही दोन लक्षणे पुष्कळ काही सांगतात, कारण निळा धूर म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटांनी मागे ओढून पाहावी; ती उचलली जाऊन अर्धा दाता दिसू लागला किंवा दाते कोयत्याच्या टोकासारखे एका बाजूला वाकलेले असले, तर चेनसेटचा खर्च किमतीतून वजा करावा. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे, मधोमध ते अडखळले तर कोनसेट गेला. फोर्कच्या नळीवरून बोट फिरवून तेलाचा ओलावा येतो का पाहावा. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक वाचावेत: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील टायर, आणि तो कितीही खोल नक्षीचा दिसला तरी रबर कडक झालेले असल्याने पावसात घसरणारच. ब्रेक-क्लचच्या लिव्हरची टोके, हँडलची टोके आणि फूटरेस्टची कड एकाच बाजूला घासलेली असेल तर गाडी पडलेली आहे, मग फेअरिंग कितीही नवे असो. किलोमीटरचा आकडा बदलता येतो, पण मुठीचे आणि गिअरच्या पायदळीचे झिजलेले रबर सहसा कोणी बदलत नाही. चेलाडी ते खेड शिवापूर अशी एक फेरी, मागे माणूस बसवून, ताशी ७५ च्या वेगाने मारल्याशिवाय व्यवहाराचे बोलणेही काढू नये.

किंमत ठरवताना दोन-तीन सरकारी आकडे जवळ असावेत. तृतीयपक्ष विम्याचा जून २०२२ पासूनचा मूळ वार्षिक दर १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ३५० सीसीवर २,८०४ रुपये असा ठरवण्यात आला, म्हणजे ३७३ सीसीची डॉमिनार घेणाऱ्याला दुप्पट विमा भरावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने नव्या गाडीची किंमत उतरली आहे, तेव्हा विक्रेता जुन्या भावावर अडून बसला तर त्याला हे दाखवावे. मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यामुळे २०११ ची सीबीआर घेणाऱ्याला २०२६ मध्येच फेरनोंदणी आणि हरित कर यांचा खर्च येणार, हेही धरावे.

कागदपत्रांत आरसी बुकवर बँकेचा बोजा नाही ना, ई-चलानची थकबाकी नाही ना, आणि गाडी परराज्यातील असेल तर तेथील एनओसी आहे ना, हे पाहावे. कायद्यानुसार त्याच राज्यातील विक्रेत्याने १४ दिवसांत हस्तांतर कळवायचे असते आणि खरेदीदाराने ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची असते. म्हणून पूर्ण रक्कम हाती देण्यापूर्वी नमुना २९ आणि नमुना ३० वर विक्रेत्याची सही घ्यावी.