बाहुलीचे ओठ आणि आपली वर्णमाला

‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचू ठाऊक नाही असा विद्यार्थी जतमध्ये शोधूनही सापडणार नाही. रामदास पाध्ये यांच्या या बाहुल्याचा चेहरा एकच. जबडा आणि डोळे तेवढे आतील यंत्रणेने हलतात. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांचे अर्धवटरावही याच घराण्यातले. परंतु बाहुल्यांच्या चित्रपटांचा आणखी एक प्रकार आहे. त्याला स्टॉप-मोशन म्हणतात. बाहुली केसभर सरकवायची, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. अशी २४ चित्रे झाली की पडद्यावरचा एक सेकंद भरतो. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्यांना याच रीतीने नाचविले होते.

आगकाडीला तोंड नसते, म्हणून ते काम त्यामानाने सोपे. बाहुली बोलणार कशी? त्यावर एक जुनी युक्ती आहे : तोंड हलवायचे नाही, चेहराच बदलायचा. रशियन दिग्दर्शक प्तुश्को यांनी १९३५ साली ‘नवा गलिव्हर’मध्ये बाहुल्यांची डोकी अशी बदलली होती. १९९३ च्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मधील जॅकसाठी सुमारे ४०० डोकी तयार केली होती. हाताने घडविताना अडचण अशी, की दोन चेहऱ्यांच्या नाकात किंचितही फरक राहिला तरी पडद्यावर नाक थरथरू लागते.

संगणकाने नेमकी हीच अडचण दूर केली. ब्लेंडरसारख्या मोफत प्रणालीत एकच शांत चेहरा घडवायचा. नाक, कान, कडा यांचे बिंदू जागेवर ठेवायचे आणि ओठांचेच बिंदू ओढून नवी मुद्रा करायची. पूर्ण हसू तयार असले की पाव हसू, अर्धे हसू संगणक आपणच काढून देतो. मग मागे लोहचुंबकासाठी खाच ठेवून, क्रमांक घालून, थ्री-डी छपाईयंत्रावर ते चेहरे छापायचे. ‘कोरालाइन’ (२००९) हा असे छापील चेहरे वापरणारा पहिला मोठा चित्रपट. त्यात कपाळ वेगळे आणि तोंड वेगळे होते. मधली फट नंतर संगणकावर पुसून टाकली.

आता चेहरे किती लागतात ते पाहू. परदेशी पुस्तकांतील ओठांचे तक्ते इंग्रजी उच्चारांचे असतात. आपल्याला ते उसने घेण्याचे कारण नाही, कारण आपली वर्णमाला मुळातच उच्चारस्थानांनुसार मांडलेली आहे! क कंठात, ट मूर्ध्यावर, त दातांमागे. जिभेचा हा सारा उद्योग प्रेक्षकाला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून का, टा, ता या तिन्हींना ‘आ’चेच तोंड चालते. ‘पा’ला मात्र चालत नाही, ओष्ठ्य वर्णाला ओठ मिटलेच पाहिजेत, निदान दोन चित्रे तरी. आरशासमोर बसून मी हिशेब केला तो असा : मिटलेले ओठ, व आणि फ साठी खालच्या ओठावर टेकलेले दात, च, ज, स, श साठी जवळ आलेले दात, आणि अ, आ, इ-ए, ओ, उ ही पाच. एकूण आठ. ऐ आणि औ यांना स्वतंत्र तोंड नको, ते दोन तोंडांच्या जोडीने होतात.

“आई, पाऊस आलाय की!” हे वाक्य घ्या. (शेवटचा ‘की’ आपल्याकडचा. तो निबंधात खोडला जातो, पण जतची बाहुली पुस्तकी बोलू लागली तर तिचे कोण ऐकणार?) यात आ, ई, मिटलेले, आ, ऊ, दात, आ, ई असे आठ बदल होतात आणि तोंडे पाचच लागतात.

ओठ झाले तरी अर्थ व्हायचा राहतो. तो कपाळावर असतो. भुवया उंचावल्या तर वर्षभर वाट पाहिलेला पाऊस आला; आत ओढल्या तर कडबा अंगणात उघडा पडला आहे. शब्द तेच, ओठही तेच. चार कपाळे आणि आठ तोंडे, म्हणजे बारा तुकड्यांत बत्तीस चेहरे.

छपाईयंत्र हाताशी नाही, म्हणून संगणकावर केलेली ही आठ तोंडे मी साध्या कागदावर छापून, पुठ्ठ्याला चिकटवून कापली आहेत. शाडूच्या डोक्यावर ती टाचणीने बसतात. मोबाइल विटांवर टेकवला की कॅमेरा हलत नाही. दोन दोन चित्रांना एक तोंड धरले, तर वरचे वाक्य दोन सेकंदांत, म्हणजे ४८ चित्रांत आणि तोंडाच्या २४ नोंदींत बसते. त्या २४ नोंदी मी वहीत ओळीने लिहून ठेवल्या आहेत. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी वही खुशाल न्यावी.