रंगीत रोल की कृष्णधवल?

फिल्म कॅमेऱ्यात रोल घातला की पुढच्या ३६ फोटोंचा निर्णय झालेला असतो. फिल्मकडे नव्याने वळलेले अनेकजण कृष्णधवल रोल घेतात, कारण काळ्या-पांढऱ्यात आपोआप कला उतरते अशी त्यांची समजूत असते. ही समजूत जुनी आहे. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विल्यम एगल्स्टन यांची रंगीत छायाचित्रे मांडली, तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाके मुरडली होती. रोल निवडताना माध्यमाची प्रतिष्ठा बाजूला ठेवावी आणि एवढेच पाहावे, की समोरच्या दृश्यातला रंग काढला तर अर्थ शिल्लक राहतो का.

रघुवीर सिंग यांचे मुंगेरचे १९६७ मधले छायाचित्र बघा. पावसात बायका एकमेकींना बिलगून उभ्या आहेत, भिजलेल्या साड्या अंगाला चिकटल्या आहेत. त्या ओल्या रंगांशिवाय पावसाळ्याचा तो जिवंतपणा निम्मा होईल. भारतीय नजर रंगांतूनच घडली आहे, असे सिंग आग्रहाने मांडत. हा आग्रह मला सरसकट मान्य नाही. होमाई व्यारावाला यांनी टिपलेले, पंडित नेहरू कबूतर सोडतानाचे छायाचित्र आठवा. त्या काळी वर्तमानपत्रे काळ्या-पांढऱ्यातच छापत, म्हणून कृष्णधवल ही त्यांची खास निवड होती असे म्हणता येणार नाही. पण हाताची उभारी आणि पंखांची झेप यांवर ते चित्र इतके भक्कम उभे आहे की रंगाची उणीव जाणवत नाही.

यावर कोणी म्हणेल, रंगीतच काढावे आणि स्कॅन केल्यावर संगणकावर रंग उतरवावा. तंत्राने ते जमते, पण रंगाकडे पाहून रचलेली चौकट रंग गेल्यावर बहुधा ढासळते. बहरलेला गुलमोहर साध्या कृष्णधवल फिल्मवर घेतला, तर लाल फुले आणि हिरवी पाने जवळपास एकाच करड्या छटेत मिसळून जातात. भिंगावर लाल फिल्टर चढवला की फुले उजळतात, पाने काळवंडतात, निळे आकाश गडद होते. त्यासाठी सुमारे तीन स्टॉप प्रकाश मात्र खर्ची पडतो. हा हिशेब बटण दाबण्याआधीच डोळ्यांनी करावा लागतो.

टिकाऊपणाचा आक्षेप जास्त वजनदार आहे. कृष्णधवल प्रतिमा चांदीची असते आणि नीट फिक्स करून धुतली तर पिढ्यान्‌पिढ्या राहते. रंगीत प्रतिमेतली रंगद्रव्ये अंधारातही हळूहळू विटतात. घरोघरच्या सत्तरीतल्या अल्बमांवर चढलेली लालसर झाक त्यातूनच आली. शिवाय कृष्णधवल रोल घरच्या टाकीत २० अंशांच्या आसपास धुता येतो. रंगीत निगेटिव्हला सुमारे ३८ अंश लागतात आणि अर्धा अंशही हलून चालत नाही. हौशी माणसाला या सोयी मोलाच्या आहेत, हे मी मानतो. पण लग्नातल्या शालूचा रंग पुढच्या पिढीला दिसावा असे वाटत असेल, तर रंगीत रोलच घ्यावा, निगेटिव्ह थंड कोरड्या जागी ठेवाव्यात आणि वेळेत स्कॅन करून घ्याव्यात.