नेमबाजाचे जॅकेट आणि वाढत्या वयाची पाठ

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझपदक जिंकले. तेव्हापासून आमच्या बाह्यरुग्ण विभागात रायफल चालवणारी मुले-मुली अधूनमधून येतात. तक्रार बहुधा कंबरेची असते, आणि तपासून झाले की आईवडिलांचा प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, जॅकेट कुठले घ्यावे?’ जॅकेट महाग असते, म्हणून प्रश्न रास्त आहे. कंपनीचे नाव मी सांगत नाही. पाठीच्या बाजूने काय पाहावे, ते सांगतो.

दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते आणि मोठ्यांच्या स्पर्धेत उभ्याने साठ गोळ्या झाडायच्या असतात. स्नायूंच्या जोरावर एवढे वजन धरले तर हात थरथरणारच. म्हणून नेमबाज भार हाडांवर सोपवतो. उजव्या हाताने नेम धरणारा डावे कोपर कंबरेच्या हाडावर टेकवतो, नितंब लक्ष्याकडे सरकवतो आणि पाठ मागे झुकवून तिला थोडा पीळ देतो. मणक्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्या सांध्यांवर हा सगळा ताण येतो. कॅनव्हास-चामड्याचे जाड जॅकेट या झुकलेल्या पाठीला आधार देते. झोपून किंवा गुडघ्यावर बसून नेम धरताना दंडाला पट्टा आवळलेला असतो. तेव्हा दंडातल्या धमनीचा ठोका रायफलपर्यंत पोचू नये, हेही जॅकेटच्या बाहीचे काम.

मग प्लास्टरसारखे कडक जॅकेट का नको? आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याला लगाम घातला आहे. कापडाची जाडी एका पदराला अडीच मिलिमीटरपर्यंतच चालते. ठरावीक वजन ठेवल्यावर कापड किमान तीन मिलिमीटर दबले पाहिजे. आणि बटणे लावतो त्याच्याही पुढे जॅकेटची कड किमान सत्तर मिलिमीटर ओढता आली पाहिजे. डॉक्टर म्हणून मला हा शेवटचा नियम फार आवडतो. सात सेंटिमीटर म्हणजे साधारण चार बोटे. तेवढी मोकळीक असली की दोन गोळ्यांच्या मध्ये छाती भरून श्वास घेता येतो. श्वास नीट मिळाला नाही, तर नजर धूसर होते आणि थरथर वाढते.

खरी गडबड उलट दिशेने होते. ‘अंग वाढतेय, जरा मोठेच घेऊ’ हा आपला शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे अंगाशी येतो. ढगळ जॅकेटच्या घड्या नेमक्या कोपर आणि कंबरेच्या मध्ये गोळा होतात. खांदे उतरतात, कोपर हाडावर नीट टेकत नाही, मग मूल ते टेकवण्यासाठी पाठ आणखी मागे वाकवते. सरावाच्या तासाला एवढेसे जास्तीचे वाकणे, आणि महिन्याभराने कंबर बोलू लागते.

म्हणून दुकानात आरशासमोर नुसते उभे राहून जॅकेट ठरवू नये. आत जे कपडे घालणार तेच घालून, रायफल हातात घेऊन, नेमाच्या स्थितीत पाच-दहा मिनिटे उभे राहावे. कोपर, काख आणि पोटापाशी घड्या पडतात का पाहावे. डावखुऱ्यासाठी डावखुरेच जॅकेट हवे. मुलींना मुलग्यांच्या मापाचे जॅकेट बहुतेक वेळा नितंबाशी आवळते आणि खांद्याला ढिले पडते. दुसऱ्याने वापरलेले जॅकेट मापात असेल तर खुशाल घ्यावे; कापड थोडे मऊ पडले म्हणून नवशिक्याचे काही बिघडत नाही. माझे मत विचाराल, तर सुरुवातीचे काही महिने हलकी किंवा टेकूवर ठेवलेली रायफल आणि साधे कपडेच पुरेत.

जॅकेट पोट-पाठीच्या स्नायूंची जागा घेत नाही. कंबरदुखीचा पट्टा वर्षानुवर्षे बांधणाऱ्यांचे स्नायू कसे ढिले पडतात, हे आम्ही रोज पाहतो. प्लँकसारखे व्यायाम आठवड्यातून तीन-चार वेळा करावेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात या जाड आवरणात घाम निथळतो. तेव्हा मधल्या वेळेत बटणे सोडावीत आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

पट्ट्यामुळे बोटांना मुंग्या येत असतील तर पट्टा सैल करून त्याची जागा बदलावी; तरीही थांबल्या नाहीत तर दाखवावे. किशोरवयीन मुलाची कंबर मागे वाकताना जास्त दुखत असेल आणि दोन आठवड्यांत उतार पडत नसेल, तर मलम चोळत बसू नये. वारंवारच्या ताणाने मणक्याला बारीक चीर पडलेली असू शकते, आणि ती वेळेत कळली तर बहुतेकदा विश्रांतीने भरून येते. तपासणीला येताना जॅकेट बरोबर आणावे. ते घालायला लावून कोपर कुठे टेकते, हे पाहिले की अर्धे निदान तिथेच होते.