मोत्या आणि काजूची टरफले

गेल्या वैशाखात मालवणच्या घरी आमच्या नातवाच्या गालावर फोड उठले. काजूबीस त्याने हात लावला नव्हता. चौकशीअंती उलगडा झाला : दोन दिवसांपूर्वी मोत्या मांगरामागील काजूच्या टरफलांत लोळला होता, आणि नातू त्याच्या गळ्यात पडला होता! टरफलातील तेल दाट केसांमुळे कुत्र्यास सहसा बाधत नाही. केसांवाटे ते आपल्या कातडीस लागते. अमेरिकेतील उद्यानांत 'पॉयझन आयव्ही' नामक वेल हाच उपद्रव करते; ती, काजू, आंबा व आपला भल्लातक म्हणजे बिब्बा, सारी एकाच कुळातील होत. अशा वेळी हातांत रबरी हातमोजे घालून कुत्र्यास तत्काळ साबणाने न्हाऊ घालावे. (मोत्याने यास संमती दिली नाही, हे वेगळे.) ढीग आम्ही पुरला, जाळला नाही, कारण त्याचा धूरही बाधतो.