मनाआधी स्नायू

रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागणाऱ्या माणसास घरातील वडीलधारी मंडळी ‘मन शांत ठेव, देवाचे नाव घे आणि पडून राहा’ असा जो उपदेश करतात, त्यात सद्भाव पुष्कळ असला, तरी मनोविकाराने ग्रासलेल्या माणसाच्या बाबतीत तो बहुधा वाया जातो. कारण जे मन त्याच्या ताब्यात राहिलेले नाही, त्याचाच बंदोबस्त करण्याचे फर्मान आपण त्याला सोडत असतो. चिंताविकारात ते मन उद्याच्या अनिष्टांची जंत्री लावत बसते, नैराश्यात पहाटे तीनलाच जाग येऊन उजाडेपर्यंत छताकडे पाहत राहावे लागते, आणि छिन्नमनस्कतेच्या कित्येक रुग्णांना दिवसभराच्या गलबल्यात दबलेले आवाज घर निजल्यावरच ठळक ऐकू येऊ लागतात.

निद्रानाश हे मनोविकाराचे निव्वळ लक्षण आहे, मूळ रोग हटला की तेही जाईल, असे पूर्वी धरून चालत. परंतु ऑक्सफर्डचे डॅनियल फ्रीमन यांनी ब्रिटनमधील 26 विद्यापीठांच्या, निद्रानाशाची तक्रार असलेल्या 3,755 विद्यार्थ्यांवर केलेला आणि 2017 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की, झोपेवर स्वतंत्र उपचार केल्यास संशयग्रस्तता आणि भास यांचेही प्रमाण काहीसे उतरते. हे विद्यार्थी रुग्णालयातील मनोरुग्ण नव्हते, हे खरे. तथापि झोपेचा इलाज तहकूब ठेवू नये, एवढा बोध त्यातून निश्चित निघतो.

मनाकडे थेट जाता येत नसेल, तर देहाच्या वाटेने जावे, ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली ती शिकागोचे वैद्य एडमंड जेकबसन यांनी. हात यत्किंचितही न हलवता तो उचलल्याची नुसती कल्पना केली, तरी दंडाच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत्‌स्पंदने उमटतात, हे त्यांनी उपकरणांनी मोजून दाखवले. आणि विचाराची पावले जर अशी स्नायूंत उमटत असतील, तर स्नायू निःशेष सैल करता आल्यास विचारांचा वेगही ओसरेल, या तर्कावर त्यांनी 1929 साली आपला ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हा ग्रंथ उभारला. त्यांची मूळ साधना महिनोन्‌महिने चालणारी होती. आज पंधरा-वीस मिनिटांत शिकवली जाते ती तिची आटोपशीर आवृत्ती होय.

या आवृत्तीत उजवी मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळायची, मनगटापासून कोपरापर्यंतचा ताण नीट न्याहाळायचा, मग मूठ एकदम सोडून बोटांत परतणारी ऊब आणि जडपणा वीस-तीस सेकंद नुसता अनुभवायचा; त्यानंतर दंड, कपाळ, जबडा, खांदे, पोट, मांड्या अशी क्रमाक्रमाने उतरणी करीत पावलांशी यायचे. पोटऱ्यांना फार जोर लावू नये, गोळा येतो. पुष्कळांना जबड्यापाशी आल्यावर प्रथमच उमगते की, आपण दिवसभर दातांवर दात रोवून वावरत होतो.

आपल्याकडील शवासन याच कुळातले. हठप्रदीपिकेत ते श्रम हरणारे आणि चित्ताला विश्रांती देणारे म्हणून आले आहे, आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी 1969 साली रक्तदाबाच्या रुग्णांवरील त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. तो अभ्यास निद्रेचा नव्हता, म्हणून त्याचा दाखला देताना हात राखूनच द्यावा.

मात्र प्रत्येक रुग्णाला एकच मात्रा लागू पडेल असे समजणे धोक्याचे आहे. काही चिंताग्रस्तांना अंग सैल पडू लागताच उलट धास्ती वाटते. आघात सोसलेल्या माणसास अंधारात डोळे मिटून उताणे पडणे असह्य होऊ शकते, आणि त्याला दिवा ठेवून, डोळे उघडे राखून, खुर्चीवर बसून हाच अभ्यास करण्याची मुभा असावी. काही मनोविकारांवरील औषधांनी पायांत अशी तळमळ उठते की, माणूस स्वस्थ पडूच शकत नाही. तो दोष त्याच्या निग्रहाचा नव्हे, आणि त्याची खबर औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना द्यावी. द्विध्रुवी विकारात दोन-तीन तासांच्या झोपेवरही माणूस भलताच उत्साही दिसू लागला, तर ती उन्मादाची चाहूल असू शकते. तेव्हा शवासनात वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

एरवी अभ्यास आरंभी दिवसा करावा, चार वाजताच्या चहाआधी म्हणा. भर अवघड रात्री नवी विद्या हस्तगत होत नाही, आणि ‘आता झोप आलीच पाहिजे’ या हट्टाने केलेले शैथिल्य हाही एक ताणच. वीसेक मिनिटांत झोप न लागल्यास अंथरुणावर कूस बदलत राहण्यापेक्षा उठून मंद उजेडात बसावे, पेंग आली की परतावे, आणि रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ चुकवू नये. घड्याळ उशाशी नसावे. घरच्यांनीही सकाळी चहाबरोबर ‘झोप लागली का?’ असा रोजचा जाब विचारण्याऐवजी दुपारी पंधरा मिनिटे शेजारी चटई टाकून स्वतःच्या मुठी आवळाव्यात. सोबत असली की अभ्यासात खंड कमी पडतो.